कौल न मिळालेली चित्रे : अमूर्त कला आणि श्रद्धेचा प्रश्न

१

काही वर्षांपूर्वी एका कलारसग्रहण शिबिरात मी वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांवर बोलत होतो. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक उभा, मंद पिवळसर कॅनव्हास होता. शून्य, मौन, ध्यान, झेन, निर्गुण असे शब्द मी एकामागून एक वापरत होतो आणि ते चित्रावर नेमके बसत आहेत असे मला वाटत होते. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, हे तुम्हाला चित्रात दिसतं, की गायतोंडे तसे होते हे आधीच माहीत असल्यामुळे दिसतं?" मी काहीतरी चटपटीत उत्तर दिले. खोलीत हशा पिकला. ती मात्र हसली नाही, आणि तिचे बरोबर होते. मी तिच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नव्हते.

त्या रात्री मी स्वतःपुरती एक परीक्षा घेऊन पाहिली. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचे छायाचित्र कोणी पडद्यावर दाखवले असते आणि खाली गायतोंडे यांचे नाव लिहिले असते, तर मी तेच पाच शब्द वापरले असते का? प्रामाणिक उत्तर 'बहुधा हो' असे होते. म्हणजे माझे शब्द चित्रातून आलेले नव्हते. ते आमच्या समीक्षेच्या सामाईक हौदातून भरून आणलेले होते. मराठीत अमूर्त चित्रांवर जे लिहिले जाते त्यातले बरेचसे याच हौदावर चालते. मीही अनेक वर्षे तसेच लिहिले आहे, म्हणून ही तक्रार आधी माझ्याविरुद्ध आहे.

पण प्रश्न तिथे संपत नाही. विटेवरची मूर्ती रंगवली की श्रद्धेचा विषय दिसतो. चित्रकाराची श्रद्धा असो वा नसो, पाहणारा हात जोडू शकतो. ज्या चित्रात ओळखीचा कोणताच आकार नाही, त्यात श्रद्धा असते म्हणजे नेमकी कुठे असते? ती दिसू शकते, की चित्रकाराचे चरित्र वाचून आपण ती तिथे नेऊन ठेवतो? हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

२

कोकणात आणि गोव्यात अवघड निर्णयाच्या वेळी देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि वाट पाहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लहानपणी आजोळी मी असा एक कौल पाहिला. बागेचा एक तुकडा विकायचा की ठेवायचा, असा प्रश्न होता. पाकळी पडेना. तास गेला, दीड तास गेला. मोठी माणसे अवघडून बसली होती. शेवटी आजोबा उठले, त्यांनी हात जोडले आणि घरी येऊन निर्णय स्वतःच घेतला. पुढच्या सोमवारी ते नेहमीसारखे देवळात गेले.

पाकळी पडली असती तर आजोबांनी आज्ञा पाळली असती. ती पडली नाही, तेव्हा पुराव्याशिवाय ठरवावे लागले, चुकले तर ते आपलेच हे मान्य करावे लागले आणि तरीही देवळाची वाट सोडायची नाही हेही ठरवावे लागले. श्रद्धा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी त्या दुसऱ्या आजोबांकडे बोट दाखवीन.

अमूर्त चित्रकाराची अवस्था याच्या बरीच जवळची असते. व्यक्तिचित्र रंगवणाऱ्याला बाहेरचे माप असते. नाक समोरच्या माणसासारखे आले की नाही, हे ताडून पाहता येते. निसर्गचित्र रंगवणाऱ्यासमोर डोंगर असतो. अमूर्त चित्रकाराला असे काही नसते. हा निळा पुरे, ही रेघ इथेच हवी, आता हात थांबवायचा, यातल्या कशालाही बाहेरून कौल मिळत नाही. तरी थांबावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : अमूर्त चित्र चित्रकाराची श्रद्धा 'कशावर' आहे हे सांगू शकत नाही, ती 'कशी' आहे हे मात्र दाखवू शकते. अद्वैत, झेन, येशू, गांधी हे सगळे 'कशावर'च्या खात्यात जाते आणि ते चित्राबाहेरून येते, म्हणजे शीर्षकातून, मुलाखतीतून, चरित्रातून. 'कशी' हे कॅनव्हासवरच्या निर्णयांत असते आणि डोळ्यांनी तपासता येते. आमची गल्लत होते ती पहिले खाते दुसऱ्याच्या नावावर लिहिण्यात.

हे तीन चित्रकारांवर घासून पाहू. तिघांचे शीर्षकाशी असलेले नाते वेगळे आहे. एकाने नाव मागाहून दिले, एकाने ते नाकारले आणि एकाने शब्द थेट कॅनव्हासवर लिहिले. सुरुवात परक्या उदाहरणापासून करतो, कारण तिथे आपला शब्दांचा हौद मदतीला येत नाही.

३

बार्नेट न्यूमन हा न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली जन्मलेला ज्यू चित्रकार. रंगाचे मोठे सपाट क्षेत्र आणि त्याला उभी छेदणारी एक पट्टी ही त्याची ओळख. १९५० आणि १९५१ मधल्या त्याच्या प्रदर्शनांना थंड प्रतिसाद मिळाला. १९५७ साली त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठल्यावर १९५८ मध्ये त्याने काळ्या रंगात, न रंगवलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर काम सुरू केले. ती चित्रे आठ वर्षे चालू राहिली आणि १४ झाली. प्रत्येक साधारण साडेसहा फूट उंच आणि पाच फूट रुंद. १९६६ साली ती न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात एकत्र लावली गेली तेव्हा त्यांना नाव होते 'क्रुसाच्या वाटेवरील स्थानके', आणि जोडीला अरामी भाषेतले दोन शब्द : लेमा सबख्थानी. क्रुसावरच्या येशूने देवाला विचारलेला, मला का सोडलेस या अर्थाचा तो प्रश्न.

वसई किंवा गोव्यातल्या चर्चमध्ये गेलेल्या कोणालाही ही चौदा स्थानके माहीत असतात. खटल्यापासून थडग्यापर्यंतचे टप्पे भिंतींवर क्रमाने लावलेले असतात आणि भाविक एकेका टप्प्यापाशी थांबत पुढे जातो. न्यूमनच्या चित्रांत यातले काहीच नाही. येशू पडत नाही, आई भेटत नाही, खिळे ठोकले जात नाहीत. त्या वेळच्या काही समीक्षकांना ही नावे उगाच चिकटवलेली वाटली. न्यूमनने त्यांच्या हाती आयते कोलीतच दिले होते, कारण हा विषय आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक नव्हता, पहिली काही चित्रे झाल्यावर तो उमगला, असे त्याने स्वतःच सांगितले होते.

शिबिरातल्या मुलीचा प्रश्न इथे सर्वांत टोकदार होतो. नाव काढून घेतले तर काय उरते?

कोरा कॅनव्हास उरतो आणि तो महत्त्वाचा आहे. एरवी चित्रकार कॅनव्हासवर अस्तर देतो. त्यावर चुकलेला रंग पुसता येतो, झाकता येतो. अस्तर नसलेले कापड रंग शोषून घेते. काळा एकदा मुरला की मुरला. न्यूमन कॅनव्हासवर चिकटपट्टी लावून तिच्या कडेने रंग देई आणि मग ती काढून घेई. पट्टीखाली राहिलेले कापड हीच रेघ. काही कडा धारदार आहेत, काही ठिकाणी रंग पट्टीखाली पाझरून विस्कटला आहे. तो विस्कटलेपणा त्याने तसाच ठेवला. मृत्यू जवळून पाहून आलेल्या माणसाने मागे फिरता येणार नाही असे साधन निवडले आणि आठ वर्षे तेच धरून ठेवले. बाराव्या-तेराव्या चित्रात काळा दाटून येतो. चौदाव्यात तो नाही.

यातून येशू दिसतो का? नाही. दिसते ते एवढेच : पुसता न येणाऱ्या गोष्टी करत राहण्याची, आणि त्यांतला एखादा पाझर लपवायचा नाही अशी शिस्त. उत्तर नसलेला प्रश्न विचारायचा तर तो असाच विचारावा लागेल, हे नाव वाचल्यावर पटते. नावाने चित्रात अर्थ ओतला नाही. आधीच घडलेल्या निर्णयांना त्याने पत्ता दिला. न्यूमनला नाव मागाहून सुचले, हा आरोप मला म्हणूनच त्याच्या बाजूचा पुरावा वाटतो. त्याचा हात जे करत होता त्याला शोभेल असा शब्द त्याने शोधला. त्यासाठी या ज्यू माणसाला ख्रिस्ती कथेपर्यंत जावे लागले.

४

गायतोंडे यांच्याकडे हा पत्ताही नाही. १९२४ साली नागपुरात, मूळ गोव्याच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गिरगावात ते वाढले आणि १९४८ मध्ये जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांची सुरुवातीची चित्रे आकृतींची आहेत. भारतीय लघुचित्रे आणि पॉल क्ले या दोघांचे धडे त्यांत दिसतात. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आकृती गेल्या. पुढे बहुतेक चित्रांची शीर्षकेही गेली. स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणेही त्यांना पसंत नव्हते. 'अमूर्त' म्हटले की मूर्त काहीतरी होते आणि त्यातून हे काढले, असे सूचित होते. त्यांना ते मान्य नव्हते.

झेनमध्ये त्यांना रस होता, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता, हे सर्वांना माहीत आहे. त्यामुळे समीक्षकाची सोय होते. पण गायतोंडे यांनी यातले काहीही चित्राच्या अंगावर ठेवलेले नाही. ना शब्द, ना चिन्ह, ना नाव. मग आपण ते परत आणून का चिकटवतो? त्यांनी जे काढून टाकले ते परत आणणे हा त्यांच्या निर्णयाचा अनादर आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

त्यापेक्षा पृष्ठभागाकडे पाहावे. पातळ केलेला तैलरंग, त्यावर रोलर, रंगपट्टीच्या सुरीने खरवडणे, रंग लावलेले कागदाचे फाटके तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलणे, पुन्हा पातळ थर. जवळ जाऊन पाहिले की उजेड वरच्या थरातून येत नाही, खालच्या थरांतून येतो, हे लक्षात येते. खालचा थर दिसावा म्हणून वरचा काढलेला असतो. कागद उचलल्यावर रंगाचा जो ठसा राहतो तो पूर्णपणे हाताच्या हुकमातला नसतो. अर्धे काम आपले, अर्धे कागदाचे. आलेला ठसा ठेवायचा की खरवडायचा एवढेच आपल्या हाती.

न्यूमनचा निर्णय मागे घेता येत नाही. गायतोंडे यांचा कितीदाही घेता येतो, आणि म्हणूनच तो वेगळ्या अर्थाने अवघड आहे. ज्याला कधीही बदलता येते त्याला थांबायचे कारण कुठून मिळावे? वर्षाला पाच-सहा चित्रे एवढीच त्यांची गती होती. बराच वेळ हात न चालवता पाहण्यात जाई. हा आळस नव्हता आणि समाधीही नव्हती. ते वाट पाहणे होते, कौल लावून बसल्यासारखे. फरक एवढाच की पाकळी आपणच लावलेली आणि पडली की नाही हेही आपणच ठरवायचे.

त्यांच्या आयुष्यातले निर्णयही याच घडणीचे दिसतात. मुंबईत नाव झालेले, १९६४ मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्क पाहून आलेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळालेली. अशा वेळी १९७२ साली ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये जवळजवळ एकांतात राहिले. मित्र सुटले, वर्तुळ सुटले. १९८४ मधल्या अपघातानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास थांबले. कागदावर शाईची छोटी कामे मात्र झाली. यावरून एकांतवासी ऋषीचे चित्र रंगवायचा मोह होतो. तो टाळावा. माणसे तोडण्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते आणि त्याचा हिशेब चित्रांत सापडत नाही. चित्रांतून एवढेच म्हणता येते की काढून टाकणे ही त्यांची पद्धत होती आणि काढून टाकलेल्या जागी दुसरे काही भरण्याची त्यांनी घाई केली नाही.

५

सय्यद हैदर रझा यांचे प्रकरण सर्वांत अवघड, कारण तिथे 'कशावर' हे मोठ्याने सांगितलेले आहे. १९२२ साली मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावी, वनखात्यातल्या अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या कलाशाळेनंतर ते जे. जे. मध्ये आले. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप काढला. त्याच सुमारास फाळणी झाली. भावंडे पाकिस्तानात गेली, पहिली पत्नीही गेली. रझा राहिले. मंडल्यात लहानपणी गांधींना पाहिले होते, देश सोडणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणा ठरली असती, असे ते पुढे सांगत. मग १९५० साली फ्रेंच शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले, तिथेच जानीन मोंजिला या चित्रकार स्त्रीशी विवाह करून स्थिरावले आणि साठ वर्षे राहिले. भारतीय नागरिकत्व मात्र त्यांनी सोडले नाही. देशासाठी घर सोडलेला आणि मग देशापासूनही दूर राहिलेला हा माणूस. त्याच्या निर्णयांत सरळ रेघ नाही.

ऐंशीच्या सुमारास त्यांच्या चित्रात बिंदू आला आणि राहिला. काकैयाच्या शाळेत चंचल मुलाचे लक्ष लागावे म्हणून नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका, ही त्यामागची कथा रझा अनेकदा सांगत. पुढची तीसेक वर्षे बिंदू, त्रिकोण, पंचतत्त्व, कुंडलिनी अशी शीर्षके येत राहिली. इथे मी थोडा अप्रिय होणार आहे. यातली बरीच चित्रे मला श्रद्धेची वाटत नाहीत. श्रद्धेच्या पाटीची वाटतात. जपातही एक क्षण असा येतो की ओठ हलतात आणि मन बाजारात असते. वर्तुळ आधीच ठरलेले, रंगक्रम ठरलेला, शीर्षक ठरलेले. चित्रकाराने पुराव्याशिवाय काही ठरवावे अशी जागाच शिल्लक नाही. २००९ साली दिल्लीतल्या एका प्रदर्शनात आपल्या नावावर लावलेली बरीच चित्रे बनावट असल्याचे रझांनी स्वतः ओळखले. त्या प्रकाराचा निषेध करावा तितका थोडा. पण समीक्षकाने त्यातून एक धडा घ्यावा. नकलाकार 'कशावर'ची नक्कल सहज करू शकतो. बिंदूवरचा कॉपीराइट उपनिषदांकडेही नाही.

मग 'माँ' या १९८१ च्या चित्रासमोर आपण का थांबतो? त्यातही काळा बिंदू आहे. शिवाय अशोक वाजपेयी यांच्या कवितेतली एक ओळ त्यावर देवनागरीत लिहिलेली आहे : परत येईन तेव्हा काय घेऊन येईन, असे आईला विचारणारी. इथे शब्द पाटीचे काम करत नाहीत. पाटी उत्तर सांगते; ही ओळ प्रश्न विचारते. एकतीस वर्षे परदेशात काढलेल्या, घरचे लोक तिसऱ्याच देशात असलेल्या माणसाने तो कॅनव्हासवर लिहिला, स्वतःच्या हाताने, फ्रेंच प्रेक्षकाला वाचता न येणाऱ्या लिपीत. बिंदू त्या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो नुसता तिथे आहे, देवळातल्या मूर्तीसारखा. न्यूमनच्या दोन अरामी शब्दांची मला इथे आठवण होते. दोघांनीही श्रद्धेच्या ठिकाणी विधान ठेवले नाही, प्रश्न ठेवला.

जानीन २००२ मध्ये वारल्या. २०१० च्या अखेरीस, ८८ वर्षांचे असताना, रझा दिल्लीला परतले. गांधींवरची चित्रमालिका त्यानंतरची. २०१६ मध्ये ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. मंदिर, मशीद आणि चर्च या तिन्ही ठिकाणी जाणाऱ्या या माणसाच्या श्रद्धेला एकच नाव देणे कठीण. तिला नाव देण्याचा खटाटोप ज्या चित्रांत कमी आहे, तीच मला त्यांची मोठी चित्रे वाटतात.

६

या मांडणीवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पुराव्याशिवाय निर्णय तर नास्तिक चित्रकारही घेतो. मग त्यालाही श्रद्धाळू म्हणायचे का? माझे उत्तर असे की चित्रापुरते बोलायचे तर तो भेद आपल्याला करता येत नाही, आणि आपण तो करण्याचा आव आणू नये. ज्या रेघेने देवाची वाट पाहिली आणि ज्या रेघेने कोणाचीच पाहिली नाही, त्या दोन रेघा डोळ्यांना सारख्याच दिसू शकतात. खोटी रेघ मात्र वेगळी दिसते. तिने कशाचीच वाट पाहिलेली नसते. काय दिसायला हवे हे तिला आधीच माहीत असते. समीक्षकाने शोधायचा तो हा भेद. आस्तिक-नास्तिक निवाडा त्याच्या अधिकारात नाही.

ही मर्यादा मान्य केली की काही सोपे प्रश्न हाती उरतात. चित्रात परतीचा मार्ग ठेवलेला आहे की बंद केलेला? काढून टाकलेल्या जागा रिकाम्या ठेवण्याचा धीर आहे, की त्या लगेच भरून टाकल्या आहेत? शब्द असतील तर ते उत्तर देतात की विचारतात? हे प्रश्न घेऊन चित्रासमोर उभे राहायला झेनचा अभ्यास लागत नाही. वेळ लागतो.

त्या शिबिरातल्या मुलीचे नाव मी विचारून घेतले नाही. ती पुन्हा भेटली तर मी तिला सांगेन की अर्धे मला आधीच माहीत होते म्हणून दिसले होते आणि ते मी चित्रावर लादले होते. उरलेले अर्धे दिसायला पडद्यावरचे चित्र पुरत नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकलसन संग्रहात गायतोंडे आहेत. त्यांचे एखादे चित्र तिथे लागलेले असेल तेव्हा तिने जावे, नाव वाचू नये, आणि खरवडलेल्या जागेपाशी उभे राहावे. तिथे कोणीतरी बराच वेळ वाट पाहून हात थांबवला आहे. का थांबवला, हे तिने मला येऊन सांगितले तर मी हा लेख पुन्हा लिहीन.